उंची वाढली म्हणून वय वाढत नाही

पत्र

माझे माहेर नाशिकचे. गेली 17 वर्षे मी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ राहते. माझे पती आफ्रिकन-अमेरिकन असून त्यांचा जन्म इथलाच. आमचा मुलगा 13 वर्षांचा आहे. वर्षभरात तो एकदम ताडमाड वाढला आणि तेव्हापासून सगळेच बदलले. शाळेतून आलेल्या दोन ईमेलमध्ये त्याच्या वागण्याला 'आक्रमक' म्हटले आहे. मित्र चिडवतात म्हणून त्याने शाळेचा गायनवृंद सोडला. पोलिसांनी गाडी अडवली तर कसे वागायचे, याचा सराव पती त्याच्याकडून गॅरेजमध्ये करून घेतात. एकदा त्याला रडू आले, तेव्हा ते म्हणाले, "बाहेर रडलास तर कोणी थांबणार नाही." व्हिडिओ कॉलवर माझे वडील त्याला सांगतात, "पुरुषासारखा पुरुष तू, रडतोस काय?" मावश्या त्याच्या रंगावरून विनोद करतात, आणि हा नवरा कायम सोबत राहील ना, असे अजूनही मला आडून विचारतात. परवा दुकानातून परतताना मुलाने विचारले, "आई, मला बघून लोकांना भीती वाटते का?" मी "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्याला खंबीर करू की हळवाच राहू देऊ? आणि मी एक मराठी बाई, कृष्णवर्णीय पुरुष कसे व्हायचे हे त्याला काय शिकवणार?

एक आई, जॉर्जिया

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण पत्र वाचून संपल्यावरही माझे मन दुकानातून परतताना तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नापाशी घुटमळत राहिले, म्हणून सुरुवात तिथूनच करते. 'काहीतरीच काय' हे आपल्याकडच्या आयांचे ठेवणीतले उत्तर आहे. मुलाने अवघड काही विचारले की ते आपोआप तोंडून निघते, आणि त्यामागे माया असते यात शंका नाही. परंतु 13 वर्षांचा मुलगा असा प्रश्न उगाच विचारत नाही. त्या दुकानात काहीतरी घडलेले असणार. एखादी बाई त्याला पाहून पर्स काखेत घट्ट धरून बाजूला झाली असेल, किंवा दुकानातला माणूस एका रांगेतून दुसऱ्या रांगेत त्याच्या मागे मागे फिरला असेल. आपण पाहिले ते खरे की मनाचे खेळ, याची खातरजमा त्याने घरातल्या सर्वांत विश्वासाच्या माणसाकडे करून घ्यायचा प्रयत्न केला. त्याला मिळालेल्या उत्तराचा अर्थ त्याच्यापुरता असा झाला, की आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये आणि असले प्रश्न आईला विचारू नयेत. यातला दुसरा धडा अधिक महागात पडतो.

वेळ गेलेली नाही. गाडीत तो शेजारी बसलेला असताना, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही अशा वेळी, विषय तुम्हीच काढा. "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी उडवून लावलं, ते माझं चुकलं. काय झालं होतं दुकानात?" एवढे विचारून थांबा, आणि तो दोन सिग्नल गप्प राहिला तरी मध्ये बोलू नका. त्याचे सांगून झाले की त्याला सरळ सांगा, "तुझ्यात भीती वाटण्यासारखं काही नाही. काही माणसांच्या मनात तुझ्यासारख्या मुलांबद्दलची भीती आधीपासूनच भरलेली असते. ती त्यांची आहे, तू ती उचलून घरी आणायची नाहीस." इथे खोटा दिलासा उपयोगाचा नाही. जग आपल्याकडे कसे पाहते हे त्याला कळायलाच हवे. फक्त जगाला जे दिसते तोच आपण, असे त्याने मानू नये.

ही भीती आली कुठून, हे त्याला समजावून सांगण्यापूर्वी तुम्हाला नीट माहीत असलेले बरे. अमेरिकेतील गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, तरी पुढची शंभर वर्षे दक्षिणेकडील राज्यांत गोरा दुकानदार साठीच्या कृष्णवर्णीय गृहस्थाला 'बॉय', म्हणजे 'ए पोरा', अशी हाक मारत असे, आणि त्या गृहस्थाने मात्र दुकानदाराच्या लेकालाही अदबीने बोलवावे अशी अपेक्षा असे. पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांतील कृष्णवर्णीय सेवकांना त्यांचे नाव न विचारता, मालक जॉर्ज पुलमन यांच्या नावावरून, सरसकट 'जॉर्ज' म्हणत. फेब्रुवारी 1968 मध्ये टेनेसीतील मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीतील दाबयंत्रात सापडून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार मरण पावले. त्यानंतर सुमारे 1,300 कामगार संपावर गेले आणि 'आय ॲम अ मॅन' असे फलक घेऊन शहरातून चालले. मार्टिन ल्यूथर किंग याच संपाला पाठिंबा देण्यासाठी मेम्फिसला गेले असताना 4 एप्रिलला त्यांची हत्या झाली. त्या फलकावरच्या शब्दांचे मराठी करायला बसले की मी दरवेळी थबकते. 'मी पुरुष आहे' म्हणावे की 'मी माणूस आहे'? इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामे करतो, मराठीत निवड करावी लागते. त्या कामगारांना दोन्ही म्हणायचे असावे असे मला वाटते, पण आधी माणूस, मग पुरुष. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी हाच क्रम सुचवीन.

मोठ्या माणसांना पोर ठरवणारी ही नजर कृष्णवर्णीय पोरांना मात्र लवकर मोठे ठरवते, आणि तुमच्या घरात आज जे चालले आहे त्याचे मूळ इथे आहे. मानसशास्त्रज्ञ फिलिप गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की साधारण दहाव्या वर्षापासून कृष्णवर्णीय मुलगे लोकांना इतर मुलांपेक्षा कमी निरागस वाटू लागतात, आणि गुन्ह्याचा संशय असलेल्या अशा मुलांचे वय लोक सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरतात. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला क्लीव्हलंडच्या एका बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन फिरणाऱ्या 12 वर्षांच्या तामिर राइसला पोलिसांनी गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी घातली. तुमचा मुलगा 13 वर्षांचा आहे. साडेचार वर्षांच्या हिशेबाने परक्या नजरेत तो साडेसतरा वर्षांचा होतो. शाळेला तो दांडगा दिसतो, तुमच्या पतींना तो उद्या मारला जाऊ शकेल असा तरुण दिसतो आणि तुमच्या वडिलांना रडू नये असा पुरुष दिसतो. तेरा वर्षांचा मुलगा यांपैकी कोणालाच दिसत नाही. म्हणून माझा मुख्य सल्ला असा, की त्याला पुरुष करण्याची घाई घरात तरी कोणी करू नये. निरोगी पुरुष व्हायला आधी पुरेसे मूलपण मिळावे लागते, आणि नेमके तेच या मुलांच्या वाट्याला कमी येते.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. पुण्याला परतण्यापूर्वी मी अमेरिकेत एका शाळेत काही वर्षे समुपदेशक होते. सातवीतला एक मुलगा, अंगाने थोराड, वर्गात काही विचारले की बाक मागे सारून उभा राही आणि मोठ्या आवाजात उत्तर देई. शिक्षकांनी तक्रार केली आणि मी त्याच्या नोंदीत लिहिले, 'उभा राहून वाद घालतो.' दोन महिन्यांनी त्याची आजी भेटायला आली, तेव्हा बोलता बोलता कळले, की त्यांच्या चर्चमध्ये लहान मुलांनी बोलताना उभे राहून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे बोलायचे, ही शिस्त तिने त्याला पाचव्या वर्षापासून लावली होती. तो आम्हाला मान देत होता आणि मी त्याला उद्धट ठरवले होते. मी स्वतः काळीसावळी, आयुष्यभर रंगावरून बोलणी खाल्लेली. तरी माझ्याही हातून तेच झाले.

आता तुमच्या पतींविषयी. त्यांच्यावर रागावण्याआधी एवढे ध्यानात घ्या, की ते करतात तो सराव त्यांनी शोधून काढलेला नाही. कृष्णवर्णीय घरांत त्याला 'द टॉक' म्हणतात आणि पिढ्यान् पिढ्या बाप, आया, मामा तो मुलांकडून करून घेत आले आहेत. हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. खिशात घालण्यापूर्वी सांगून मगच हलवायचे. आवाज चढवायचा नाही. आपले खरे असले तरी ते रस्त्यावर सिद्ध करायचे नाही. हे शिकवणे थांबवा असे मी मुळीच म्हणणार नाही. अडचण एवढीच आहे, की जीव वाचवण्याचा नियम आणि पुरुष असण्याची व्याख्या या दोन गोष्टी तुमच्या गॅरेजमध्ये एकमेकींत मिसळल्या आहेत. विजा चमकत असताना झाडाखाली उभे राहू नये असे आपण मुलांना शिकवतो, तो नियम विजेविषयी असतो. मुलात काही खोट आहे असे त्यातून कोणी सुचवत नाही. पोलिसांपुढे स्तब्ध राहण्याचा नियमही तसाच त्या रस्त्याविषयी आहे. पण तोच नियम जेवणाच्या टेबलावर, झोपण्याच्या खोलीत आणि बापाच्या मांडीजवळही लागू झाला, की मुलगा असे समजतो, की आपण मुळातच दाबून ठेवण्याची गोष्ट आहोत.

म्हणून सरावाला सुरुवात आणि शेवट असावा. पतींना सांगा, मुलासमोर नव्हे, रात्री दोघेच असताना, की सराव संपला की त्यांनी तो संपल्याचे मुलाला स्पष्ट सांगावे, गॅरेजचे दार उघडावे आणि नंतरचा अर्धा तास त्याच्याबरोबर काहीही बिनकामाचे करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यांना स्वतःला पहिल्यांदा पोलिसांनी अडवले तेव्हा त्यांचे वय काय होते, पाय थरथरले का, घरी आल्यावर त्यांनी कोणाला सांगितले, हे त्यांनी मुलाला सांगावे. बापाची भीती मुलाने ऐकली की त्याला स्वतःच्या भीतीची लाज वाटेनाशी होते. 'बाहेर रडलास तर कोणी थांबणार नाही' हे त्यांचे वाक्य दुर्दैवाने खरे असेल. पण ते खरे असेल तर थांबणारे कोणीतरी घरातच असायला हवे, आणि ते तुम्ही दोघे आहात. मुलाच्या देखत तुम्ही त्यांना अडवू मात्र नका. आई बापापासून वाचवते आहे असे चित्र उभे राहिले, तर बापाचे प्रेम त्याला आयुष्यभर फक्त धाक म्हणून आठवेल.

तुमच्या बहिणी आडून विचारतात त्यामागे, कृष्णवर्णीय बाप घर सोडून जातात, हा समज असावा; त्याबद्दल एक आकडा देऊन ठेवते. अमेरिकन सरकारच्या आरोग्य-आकडेवारी केंद्राने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पाच वर्षांखालील मुलांबरोबर राहणाऱ्या कृष्णवर्णीय वडिलांपैकी 70 टक्के वडील मुलांना आंघोळ घालणे, कपडे बदलणे, शी-शू काढणे ही कामे रोज करणारे निघाले. गोऱ्या वडिलांत हे प्रमाण 60 टक्के होते. आपल्या घरांतल्या किती मेव्हण्यांनी आणि भाऊजींनी लंगोट बदलले, हे बहिणींना तुम्हीच विचारा. रंगावरच्या विनोदांबाबत मात्र मुळीच मऊ राहू नका. पुढच्या वेळी कोणी काही बोलले, तर तिथल्या तिथे, मुलाला ऐकू जाईल असे सांगा, "हे माझ्या मुलासमोर बोलायचं नाही," आणि पुन्हा झाले तर कॉल बंद करा. ज्या महाराष्ट्रात जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले आणि जिथे घरोघरी सावळ्या विठ्ठलाचे अभंग म्हटले जातात, तिथली माणसे नातवाच्या, भाच्याच्या रंगावर हसतात याची मला दरवेळी नव्याने लाज वाटते. तुम्ही गप्प राहिलात, तर त्या हसण्याला आईची संमती आहे असे तो धरून चालेल.

गायनवृंदाचे वेगळे आहे. मित्रांनी चिडवले हे कारण खरे असेल, पण या वयात आवाज फुटतो आणि वर्गासमोर मध्येच चिरकतो, हेही असू शकेल, आणि ते सांगण्यापेक्षा 'गाणं मुलींचं असतं' म्हणणे त्याला सोपे वाटले असेल. गाण्याच्या शिक्षकांना एकदा विचारा, की त्याला खालच्या पट्टीतल्या मुलांत बसवता येईल का. आणि तुमच्या जवळच्या अटलांटातच मोरहाउस हे कृष्णवर्णीय पुरुषांचे कॉलेज आहे. किंग तिथलेच विद्यार्थी. तिथला पुरुषांचा गायनवृंद 1911 पासून गातो आहे, आणि किंग यांच्या अंत्यविधीतही तो गायला होता. त्यांचा कार्यक्रम असेल तेव्हा मुलाला घेऊन जा, जमल्यास वडिलांबरोबर पाठवा. सूट घातलेले कित्येक कृष्णवर्णीय तरुण एका रांगेत उभे राहून, डोळे मिटून खर्जात गातात, हे त्याने समोर बसून ऐकले की त्याला समजावून सांगण्यासारखे तुमच्याकडे फारसे काही उरणार नाही. घरी मात्र 'पुन्हा जॉइन हो' म्हणून मागे लागू नका.

'मी मराठी बाई, काय शिकवणार' या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. कृष्णवर्णीय पुरुष म्हणून त्या देशात वावरण्याचा अनुभव तुमच्यापाशी नाही, आणि तो असल्याचा आव तुम्ही आणू नये. त्यासाठी त्याला पुरुषच लागतील, एकटे वडील पुरणार नाहीत. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली कोट्यवधी अमेरिकनांच्या नोंदी तपासून दाखवले, की सुखवस्तू घरांत वाढलेले कृष्णवर्णीय मुलगेदेखील पुढे तशाच घरांतल्या गोऱ्या मुलांपेक्षा कमी कमावतात. चांगले उपनगर आणि चांगली शाळा एवढ्याने हे अंतर मिटत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय बाप मुलांबरोबर राहण्याचे प्रमाण जास्त, तिथले कृष्णवर्णीय मुलगे पुढे अधिक चांगले निघतात, मग त्यांचा स्वतःचा बाप घरी असो वा नसो. म्हणजे शेजारचा काका अंगणात गाडी धुताना दिसणे, चर्चमधल्या गृहस्थांनी नाव घेऊन हाक मारणे, बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाने हरल्यावर खांद्यावर हात ठेवणे, या सगळ्याचा उपयोग होतो. यांतली माणसे एकाच साच्यातली नसावीत हे तुम्ही पाहा. त्यात एखादा नर्स असावा, एखादा वायरमन असावा, एखादा मोठ्याने हसणारा आणि एखादा अगदीच अबोल असावा. तसे झाले नाही तर ही जागा फोनमधले ते गृहस्थ घेतील, जे भाड्याच्या गाडीपुढे उभे राहून 'खरा पुरुष' कसा असतो आणि बायकांना कसे काबूत ठेवावे याचे धडे देतात.

याच कारणासाठी त्याला न्हाव्याच्या दुकानात जाऊ द्या. तुम्ही लिहिले नाही, पण माझा अंदाज असा, की त्याच्या केसांची निगा अजून घरीच होते. कृष्णवर्णीय वस्तीतले न्हाव्याचे दुकान हे नुसते केस कापायचे ठिकाण नसते. शनिवारी सकाळी तिथे तीन पिढ्या बाकावर बसलेल्या असतात आणि खेळापासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर बोलणे चालते. लॉस एंजेलिस परिसरात अशा 52 दुकानांत उच्च रक्तदाब असलेल्या 319 कृष्णवर्णीय पुरुषांवर एक प्रयोग झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. औषधतज्ज्ञाने दुकानातच येऊन उपचार केले त्या पुरुषांचा वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला. न्हाव्याने नुसते डॉक्टरकडे जायला सांगितले त्यांचा 9 अंकांनी. दवाखान्यात न जाणारा पुरुष ओळखीच्या खुर्चीत दंडाला पट्टा बांधू देतो, असा त्याचा अर्थ. तुमचा मुलगा तिथे रक्तदाब मोजायला जाणार नाही, पण मोठे पुरुष एकमेकांशी कसे बोलतात, कुठे थट्टा थांबवतात, एखाद्याचे कोणी वारले असेल तर काय म्हणतात, हे तो ऐकेल. तुम्ही गाडीतच थांबा, आत जाऊ नका.

दुसरा भाग तुमचा आहे. रविवारी केसांना तेल लावून देत असाल आणि तो अजून मान पुढे करत असेल, तर ते बंद करू नका. बारा-तेरा वर्षांनंतर मुलग्यांना मायेने हात लावणे घरात हळूहळू संपते आणि त्यांच्या अंगाला लागतात ते फक्त मैदानावरचे धक्के. नको म्हणाला तर मात्र थांबा. त्याचे अंग त्याचे आहे, हे त्याला स्वतःच्या बाबतीत कळले तरच उद्या मुलींच्या बाबतीत कळेल.

'खंबीर की हळवा' या प्रश्नात मला एक गफलत दिसते. शिकागोच्या शाळांत 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम 2001 पासून चालतो. त्यातला पहिल्या दिवसांतला एक खेळ असा: मुलांच्या जोड्या लावतात, एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, 30 सेकंदांत त्याची मूठ उघडून चेंडू काढ. मुले तुटून पडतात, बोटे पिरगळतात, जमिनीवर लोळतात. वेळ संपली की समुपदेशक विचारतात, "चेंडू मागून का नाही पाहिलास?" मुले म्हणतात, मागितला असता तर त्याने मला भित्रा समजले असते. मग समोरच्याला विचारतात, मागितला असता तर? तो बहुधा म्हणतो, दिला असता, चेंडूच तर आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांवर हा कार्यक्रम तपासला, तेव्हा तो चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला, पण पहिल्या तुकडीत शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले राहिले. 'मारामारी वाईट' असे तिथे मुलांना सांगत नाहीत, कारण त्यांच्या गल्लीत कधी कधी मूठ वळावी लागते हे सर्वांना ठाऊक असते. आपण आत्ता कुठे उभे आहोत हे क्षणभर थांबून पाहायला शिकवतात. तुमच्या मुलालाही मूठ वळता यावी आणि उघडताही यावी. हा खेळ घरी खेळून पाहा, वडील आणि मुलगा; चेंडू नसला तर लिंबू चालेल.

शाळेच्या ईमेलकडे दुर्लक्ष करू नका. 2011-12 च्या सरकारी आकडेवारीत अमेरिकेच्या बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुले 18 टक्के होती, आणि एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्या मुलांत ती 48 टक्के होती. हे चार वर्षांच्या मुलांचे आकडे आहेत. तुम्ही दोघांनी मिळून उत्तर लिहा, भाषा थंड ठेवा आणि एवढेच विचारा, की 'आक्रमक' म्हणजे त्याने नेमके काय केले, कोणत्या तासाला, त्याआधी काय घडले होते, आणि तेच करणाऱ्या इतर मुलांना काय सांगण्यात आले. 'आवाज चढवला', 'दप्तर आपटले' अशी क्रियापदे लेखी मागा. विशेषण स्वीकारू नका. त्याचे खरेच चुकले असेल तर त्याला माफी मागायला लावा.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. या वयातल्या मुलग्यांचे नैराश्य पुष्कळदा दुःखासारखे दिसत नाही. चिडचिड, झोपेचे तंत्र बिघडणे, आवडता खेळ अचानक टाकून देणे असे दिसते. गायनवृंदापाठोपाठ आणखी काही सुटू लागले, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन मानसोपचारतज्ज्ञाचे नाव घ्या, शक्यतो कृष्णवर्णीय मुलांबरोबर काम केलेला असावा. मरणाची भाषा निघाली, गमतीत का होईना, तर त्याच क्षणी 988 हा अमेरिकेतील आत्महत्या रोखण्यासाठीचा मदत-क्रमांक फिरवा. तिथे चोवीस तास माणूस भेटते. उपचार घेणे हे कमकुवतपणाचे लक्षण नाही, हे तुमच्या तोंडून त्याला पटणार नाही. डीमार डीरोझनसारख्या नामांकित बास्केटबॉलपटूने 2018 साली आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले होते, ते त्याच्या वडिलांनी सहज बोलता बोलता काढावे.

राहता राहिले नाशिकचे आजोबा. त्यांना तोडू नका, कामाला लावा. 'रडतोस काय' याऐवजी त्यांनी नातवाला मलिक अंबरची गोष्ट सांगावी. इथिओपियात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून हातोहात विकला गेला, दख्खनला पोहोचला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, मुघलांना त्याने गनिमी काव्याने वर्षानुवर्षे झुंजवले, 1610 साली खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्या शहराला जमिनीखालून नहरीने पाणी आणले. शहाजीराजे 1624 साली भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. नातवाच्या दोन्ही घराण्यांची गोष्ट एकाच माणसात आहे, आणि ती आजोबांच्या गावापासून काही तासांच्या अंतरावर घडलेली आहे. पुढच्या वेळी भारतात याल तेव्हा खुलताबादला त्याची कबर दोघांनी मिळून पाहावी. तोवर दर रविवारी थोडी थोडी गोष्ट व्हिडिओ कॉलवर चालेल. फक्त वडिलांना आधी सांगून ठेवा, की मुलगा मध्येच थांबवून प्रश्न विचारील, अंबरला आईची आठवण येत नसे का, असेही विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवायचे नाही.

तुमची,
सदरलेखिका